दहा लाखांतली दुसरी

कोल्हार
१४ जुलै २०२४

प्रिय प्रभुदासमामा,

दीनाचा सलाम. पत्र बघून दचकू नका. दचकण्याचं खातं सध्या आमच्या घरात माझ्याकडे आहे. फोनच केला असता, पण तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही ओरडता, आणि तुम्ही ओरडलात की मी ताठते. मागच्या वेळी तुमच्या पहिल्याच 'हॅलो'ला मी ओट्याजवळ आडवी झाले होते, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. तुमच्या बटणांच्या मोबाईलवर मेसेज पाठवावा तर तो तुम्ही जन्मात उघडत नाही. म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

तर, माझ्या आजाराला चार वर्षांनी नाव मिळालं. स्टिफ पर्सन सिंड्रोम. शरीराची राखण करणारी शक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते आणि स्नायूंना 'सैल हो' हा निरोप पोचत नाही. मग दारात हॉर्न वाजला, कोणी मागून हात लावला, नुसता राग आला तरी कंबरेपासून खाली सगळं लाकूड होतं आणि मी उभीच्या उभी पडते. आतापर्यंत मला मणका झाला, गॅस झाला, पाळी जाण्याचं वय झालं आणि शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी 'मानसिक' असं लिहून दिलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. गोळ्या सुरू आहेत, महिन्यातून एकदा शिरेतून औषध घ्यायला जाते. थोडा फरक आहे.

मी त्यांना विचारलं, हा किती लोकांना असतो? त्या म्हणाल्या, जगात साधारण दहा लाखांत एकाला, फार तर दोघांना. त्यातही बायका दुप्पट. डॅनीला वाटलं आता बायको रडणार. मी मनात भागाकार करत होते. वीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं आहे, मामा, सवय जात नाही. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या मागच्या जनगणनेला पंचेचाळीस लाख होती, आता पन्नासच्या घरात असेल. म्हणजे पाच. एक मी. मग बाकीचे चार कुठे आहेत?

तुम्ही कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून एकतीस वर्षं सायकलवर हा जिल्हा पालथा घातलात. नगर, शेवगाव, पाथर्डी, नेवासे, एकेका घरात शिरून माणसांच्या पाठी तपासल्यात. एवढ्या माणसांत असं एखादं दिसलं असेलच. आठवून बघा आणि लवकर कळवा. मला एक तरी माणूस बघायचं आहे.

तुमची,
दीना

*

शेवगाव
२९ जुलै २०२४

चि. दीनास,

प्रभुदासमामाचे आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं. आजार सापडला हे चांगलं झालं, असं लिहायला घेतलं आणि वाटलं, यात चांगलं कसलं. तरी नाव नसण्यापेक्षा बरं. आणि त्या 'हॅलो'बद्दल मला माफ कर. मला खरंच माहीत नव्हतं.

आता तुझा हिशेब. भागाकार बरोबर आहे, पण माणसं भागाकाराने वाटलेली नसतात. दहा लाखांत एक म्हणजे देवाने दर दहा लाखांमागे एक मोजून ठेवला असं नाही. तुझ्या पाचाच्या जागी एखादवेळी एकच असेल, एखादवेळी बारा. दुसरं, हा आकडा काढला कोणी? जिथं मेंदूचे डॉक्टर आहेत, रक्त तपासायची सोय आहे, नोंद ठेवणारं माणूस आहे, तिथल्या लोकांनी. जगाचा म्हणतात, पण तो मोजलेल्या जगाचा आहे.

आमच्या नोकरीत मी पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकलो. जिथं कामाचा माणूस, तिथं रोगी जास्त. आमचे एक सहकारी एका गावात लिंबाखाली बसून रजिस्टर भरायचे. त्या गावात सात वर्षं एकही रोगी नव्हता. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली, तिला तीन महिन्यांत नऊ सापडले. गावात रोग वाढला नव्हता, तिची चप्पल झिजली होती.

तू विचारतेस, मी असं माणूस पाहिलं का. आम्ही चट्टा बघायचो. कापसाचा बोळा किंवा पीस फिरवायचं, कळतं का विचारायचं, पुढच्या घरी जायचं. बाकीच्या आजारांना आमच्या रजिस्टरात रकानाच नव्हता. मला तसं काही आठवत नाही.

तरी नेमकं काय होतं ते सविस्तर लिही. पडताना हात पुढे येतात का? डोळे उघडे असतात का? त्या वेळी बोलता येतं का? पोटरीला हात लावला तर कशी लागते?

तुझा,
प्रभुदासमामा

*

कोल्हार
११ ऑगस्ट २०२४

प्रिय मामा,

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते, नाही तर पेपर कोरा म्हणून परत पाठवाल. पडताना हात पुढे येत नाहीत, म्हणूनच कपाळाला चार टाके आहेत. डोळे उघडे असतात. सगळं दिसतं, सगळं कळतं. बोलता येतं, पण आवाज दातांमागून येतो. पोटरी दगड. दहा मिनिटं, कधी अर्धा तास. प्रश्न मात्र फार नेमके विचारलेत. पुण्याच्या बाईंनीसुद्धा पोटरीचं विचारलं नव्हतं.

तुम्हाला आठवत नाही, ठीक आहे. मी माझी मोहीम सुरू केली. आशाताईंना सांगितलं, मेडिकलवाल्याला सांगितलं, चर्चमध्ये पाळकसाहेबांना उपासनेनंतर जाहीर करायला लावलं की ज्यांचं अंग अचानक आखडतं त्यांची माहिती दीनाबाईंना द्यावी. आठवड्याभरात अकरा माणसं आली. तीन संधिवात, दोन लकवा, एक लहानपणीचा पोलिओ. एका बाईने नवऱ्यालाच आणलं, कांदा काढायचं काम निघालं की त्याचं अंग आखडतं म्हणे. एक आजोबा म्हशीसाठी आले होते.

मग चर्चच्या मंडळीतल्या सात-आठ जणी माझ्यासाठी प्रार्थना करायला आल्या. प्रेमाने आल्या, त्यात खोट नाही. पण सगळ्यांनी एकदम माझ्या डोक्यावर-खांद्यावर हात ठेवले आणि लंकाबाईंनी कानाशीच 'हालेलुया' म्हटलं. मी ताठले आणि सोफ्यावरून खाली घसरले. त्यांना वाटलं, पवित्र आत्मा उतरला! त्या आणखी जोरात गायला लागल्या, आणि जितक्या त्या गात होत्या तितकी मी ताठत होते. शेवटी डॅनीने हात जोडून सगळ्यांना चहाला बाहेर नेलं. आता निम्मं गाव म्हणतं दीनाबाईंवर कृपा झाली, आणि निम्मं म्हणतं सोंग आहे, शुद्धीवर असते, बोलते, मग उठत का नाही?

मामा, हसायला लिहिलं, पण हसू येत नाही. तुम्हाला म्हणून सांगते, डॅनीला सांगितलेलं नाही. लोक म्हणतात त्याचं मला इतकं नाही. मलाच वाटायला लागलं आहे की मी सोंग करते. रक्ताचा कागद आहे, तो मी रोज काढून वाचते, आणि पुन्हा वाटतं, कागद खरा असेल पण मी खरी आहे का? शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे. नगर-मनमाड रस्ता ओलांडायचा म्हटलं की एकही गाडी येत नसताना पाय जमिनीत रुततात. कोणी हात धरला तर चालते. मग हे सोंग नाही तर काय? चार वर्षं सगळ्यांनी तेच सांगितलं, माझ्याही हाडीमाशी मुरलं असेल.

म्हणून दुसरं कोणी बघायचं आहे. त्याला बघितलं की मला कळेल. घरात बसवत नाही, बाहेर निघवत नाही. दिवसभर ह्या खोलीतून त्या खोलीत. आमची प्रार्थना परवा म्हणाली, आई, तू पिंजऱ्यातल्या वाघिणीसारखी करतेस. आपली मुलगी असं बोलते तेव्हा कसं वाटतं!

पुन्हा आठवून बघा.

दीना

*

शेवगाव
२२ सप्टेंबर २०२४

चि. दीनास,

उत्तराला उशीर झाला. गुडघा धरला होता, पाऊसही फार. तू स्वतःबद्दल जे लिहिलंस ते मनाला लावून घेऊ नकोस. सोंग करणाऱ्याच्या कपाळाला टाके पडत नाहीत, तो जागा बघून पडतो.

एक विचारायचं होतं. तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारून कळव. ह्या आजारात माणूस औषधाशिवाय पंचवीस वर्षं काढू शकतो का? आणि इतक्या वर्षांनी औषध दिलं तर गुण येतो का?

बाकी ठीक. डॅनीला व प्रार्थनाला आशीर्वाद.

मामा

*

कोल्हार
३० सप्टेंबर २०२४

मामा,

तुमचं पत्र आल्यापासून मी घरात थैमान घातलं आहे. पंचवीस वर्षं का विचारलंत? मी चव्वेचाळीसची आहे. पंचवीस मिळवले की एकोणसत्तर. डॅनी तुम्हाला भेटून गेला ना? पुण्यात डॉक्टरीणबाई त्याला एकट्याला आत घेऊन बोलल्या होत्या, तेव्हाच मला शंका आली होती. औषध बंद करायचं ठरवलंय का तुम्ही सगळ्यांनी? का औषधाचा उपयोगच नाही? मला किती वर्षं दिली आहेत ते सरळ सांगा ना. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?

डॅनीला विचारलं तर तो शपथेवर सांगतो की गेल्या ख्रिसमसनंतर तो शेवगावला आलेलाच नाही. मी त्याचंही खरं धरलं नाही. मी ओरडले, ओरडल्यामुळे ताठले, दाराच्या चौकटीवर पडले, आणि त्याने मला उचलून ठेवलं तेव्हा तो रडत होता. बावीस वर्षांच्या संसारात मी त्याला दोनदा रडताना पाहिलं आहे. आता मला स्वतःचीच लाज वाटते आहे आणि तुमचा राग येतो आहे.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, काढू शकतो, पण हाल होतात. उशिरा का होईना, औषधाने फरक पडू शकतो. आता सांगा, कोणासाठी विचारलं?

दीना

*

शेवगाव
९ ऑक्टोबर २०२४

चि. दीनास,

डॅनी माझ्याकडे आलेला नाही. त्याची माफी माग, मीही मागतो. तुझ्या आयुष्याबद्दल मला काही माहीत नाही आणि तो प्रश्न तुझ्यासाठी नव्हता.

तुझ्या पहिल्याच पत्रानंतर मी तुला खोटं लिहिलं. मला आठवत होतं. आठवत होतं म्हणूनच पोटरीचं विचारलं.

सन १९९९. शेवगावच्या पुढे एका वस्तीवर आमचं सर्वेक्षण चालू होतं. तिथे मालनबाई म्हणून एक बाई, वय तेहतीस, नवरा सहादेव, चार एकर कापूस. दोन वर्षांपासून ती एकाएकी ताठून पडायची. गावाने ठरवलं होतं की हा महारोग आहे. तिला विहिरीवर येऊ देत नव्हते, तिच्या पोराला शाळेत वेगळं बसवत होते. मी तपासलं. अंगावर एकही चट्टा नव्हता. पाठीवर पीस फिरवलं आणि ती माझ्यासमोर फळीसारखी पडली. हात पुढे आले नाहीत. पोटरी दगड होती, दीना. डोळे उघडे, माझ्याकडे बघत होती. धनुर्वात म्हणावा तर दोन वर्षं कोण जगतं? मला कळलं की हा काहीतरी मोठा आजार आहे आणि हेही कळलं की तो माझा नाही. त्या दिवशी साठ घरं व्हायची होती.

तिला पाण्याला तरी घ्यावं म्हणून मी सहादेवला एक कागद लिहून दिला. 'महारोग नाही' एवढंच लिहायचं होतं. पण गावाचा विश्वास बसावा म्हणून हात सैल सोडला. 'सर्वांग तपासले. कोणताही रोग नाही. पूर्ण निरोगी.' खाली सही आणि शिक्का. मला फार पुण्य केल्यासारखं वाटलं. तिला नगरला मोठ्या दवाखान्यात न्या, असं तोंडी म्हणालो, पण शिक्क्यापुढे तोंडी शब्दाला कोण विचारतो.

पुढच्या फेरीत ऐकलं की तिला विहिरीवर घेतात. आणि सहादेव सगळ्यांना तो कागद दाखवून सांगतो की सरकारी माणसाने तपासली, काही झालेलं नाही, बाई कामचुकार आहे. मी त्या वस्तीवर पुन्हा गेलो नाही. माझा भाग बदलून घेतला.

ऑगस्टमध्ये तुझं दुसरं पत्र आल्यावर एसटीने त्या फाट्यापर्यंत गेलो. दुकानात विचारलं. ती आहे. फाट्यावर तासभर बसलो आणि परत आलो. गुडघ्याचं निमित्त केलं.

आता तुला काय वाटायचं ते वाटो.

प्रभुदास

*

कोल्हार
१६ ऑक्टोबर २०२४

मामा,

तुम्ही पत्राखाली नुसतं 'प्रभुदास' लिहिलंत. नातं कापायचा अधिकार तुम्हाला नाही, तो माझ्याकडे आहे, आणि मी तो वापरलेला नाही.

तुमचं पत्र वाचून मला आधी काय वाटलं ते खरं सांगते. आनंद झाला. एका बाईचे पंचवीस वर्षं हाल झाले हे वाचून मला आनंद झाला, कारण ती आहे. मग इतकी शरम वाटली की जेवण गेलं. मग तुमचा राग आला, तो अजून आहे. तुम्ही वाईट लिहिलं नाहीत, चांगलंच लिहिलंत, म्हणून तर राग कुठे ठेवावा ते कळत नाही. मलाही एका डॉक्टरांनी कागद दिला होता. त्या कागदाने माझी दोन वर्षं खाल्ली. तिची पंचवीस!

जा. फाट्यावर बसून काही होत नाही. घरात जा, तिच्या मुलाला सांगा, तिला नगरला दाखवा. रक्त कुठे पाठवायचं, काय सांगायचं, सगळं सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. गुडघ्याला पट्टा बांधा.

दीना

*

शेवगाव
२५ नोव्हेंबर २०२४

चि. दीनास,

गेलो होतो. बैल गेल्यावर झोपा करायला, पण गेलो.

सहादेव सहा वर्षांपूर्वी वारला. आता मुलगा ज्ञानेश्वर कर्ता आहे, त्याची बायको सुकन्या. घर नीटनेटकं, पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस. मी नाव सांगितलं नाही. आरोग्य खात्यात होतो, तुमच्या आईची तब्येत बघायला आलो, एवढंच म्हणालो. ज्ञानेश्वर हसला. म्हणाला, "तब्येतीला काय धाड भरलीय? आमची म्हातारी लई नाटकी हाय. पावनं दिसलं की पडती. थांबा, तुमाला कागुदच दावतो." आणि जमिनीच्या कागदांच्या पिशवीतून त्याने माझी चिठ्ठी काढून माझ्याच हातात दिली. प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवली आहे. अक्षर तेव्हा चांगलं होतं माझं.

मी म्हणालो, "ही सही माझी आहे. मी चुकीचं लिहिलं होतं." त्याने माझ्याकडे बघितलं. "मंग तवा खोटं लिवलं का आता खोटं बोलताय?" मी म्हणालो, तेव्हा. तो म्हणाला, "माझा बाप मरोस्तवर ह्या कागदावर चालला. आईला रानात न्यायचा, पडली तर तितंच ठिवायचा. निरोगी बाई घरी बसती व्हय, म्हनायचा. मीबी तेच केलं. आन तुमी आता सांगताय ती आजारी हुती?" त्याचा आवाज चढला. मला तो राग समजला. माझं ऐकायचं तर त्याला आधी बापाला आणि स्वतःला दोष द्यावा लागेल. माणूस त्यापेक्षा समोरच्याला खोटं ठरवतो.

मालनबाई आतल्या दाराशी बसली होती. अठ्ठावन्नची आहे, सत्तरीची दिसते. पाठ मागे ओढल्यासारखी, कंबर पुढे. ती एवढंच बोलली, "सायेब, तुमच्या कागदानं गावानं पान्याला घेतलं मला. पर घरच्यांनी कदी बसू दिलं न्हाई." तिने रागाने म्हटलं असतं तर सोसलं असतं. ती खबर सांगावी तसं सांगत होती.

ज्ञानेश्वरने मला फाट्यापर्यंत गाडीवर सोडलं आणि म्हणाला, परत वस्तीवर येऊ नका. दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही. तुझा कागद मी सुकन्याच्या हातात ठेवून आलो, तिने तो चुलीत घातला नसला तर नशीब.

माझ्याकडून होतं तेवढं केलं, असं लिहिणार होतो. पण तसं नाही. तू इकडे यायचं मनातही आणू नकोस. रस्ता वाईट, उसाच्या गाड्या सुरू झाल्या आहेत, ट्रॅक्टरवर मोठमोठ्याने गाणी लावलेली असतात.

तुझा,
मामा

*

कोल्हार
१५ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

आधी कामाचं. ज्ञानेश्वर पुढच्या मंगळवारी, २४ तारखेला, मालनबाईंना नगरला घेऊन जाणार आहे. रक्त पुण्याला जाईल, उत्तर यायला दहा दिवस लागतील. डॉक्टरीणबाईंशी मी बोलून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, दुसरंही काही निघू शकतं, आधीच नाव चिकटवू नका. बरोबर आहे त्यांचं. तुम्ही त्या मंगळवारी सकाळी नगरच्या स्टँडवर थांबायचं आहे. ज्ञानेश्वरनेच सांगितलं आहे, "त्या म्हाताऱ्याला बोलवा, त्याला दवाखान्यातलं कळतं." रागातच म्हणाला, पण म्हणाला.

आता तुम्ही रागवायच्या आधी सगळं सांगते. होय, मी गेले. डॅनीच्या कारखान्यातल्या मित्राची गाडी घेतली. कानात कापूस, वर मफलर, डोळे मिटलेले, गोळी दुप्पट नाही पण वेळेआधी घेतलेली. आमच्या दारातून गाडीपर्यंत वीस पावलं, तेवढ्याला पाऊण तास लागला. पाय उचलत नव्हते. डॅनीने हात पुढे केला, मी धरला. राहुरीपर्यंत मी त्याला शिव्या देत होते की परत फिरव, आणि राहुरीच्या पुढे तो म्हणाला फिरवू का, तेव्हा नको म्हणून शिव्या दिल्या. सोनईला एका उसाच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला आणि मी सीटवर फळी झाले. शेवगाव येईपर्यंत तशीच होते. तुमच्या घराच्या जवळून गेलो. थांबले नाही, कारण तुम्ही जाऊ दिलं नसतं.

वस्तीवर सुकन्या दारात होती. मी म्हणाले, कोल्हारची शिक्षिका आहे, ज्यांनी कागद दिला त्यांची भाची. तिने तो चुलीत घातलेला नव्हता. तिला वाचून पाठ झाला होता, पण नवऱ्यासमोर काढायची हिंमत नव्हती. ज्ञानेश्वर ओसरीवर होता. तो मला बघून म्हणाला, "अजून एक आल्या." मी सांगायला लागले, मला काय होतं, केव्हापासून होतं. तो मोबाईलकडे बघत ऐकत होता. मला आतून वाटायला लागलं की ह्याचं बरोबर आहे, मी इतक्या लांब एका परक्या घरात सोंग दाखवायला आले आहे. घाम आला. परत जाऊ या, असं डॅनीला म्हणणार होते.

मालनबाई कापसाच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. त्या तिथेच बसतात, पडल्या तर लागत नाही म्हणून. मी त्यांच्याजवळ गेले. त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं, मी त्यांच्या हनुवटीकडे. तिथे तसलाच व्रण आहे. त्यांना परक्यांशी बोलायची सवय नाही आणि मला एकदम शब्द सुचेनात. इतके महिने मी ह्याच घडीसाठी धडपडत होते, आणि समोर आल्यावर उन्हाळा कसा होता असलं काहीतरी विचारलं.

सुकन्याने पाहुणे आले म्हणून आत भात लावला होता. कुकरची शिट्टी झाली.

मी ताठले. पडता पडता मला दिसलं की माझ्या शेजारची बाईसुद्धा पडते आहे. दोघी एकाच वेळी, एकाच बाजूला, हात अंगाशी. कापसात पडलो. डॅनी धावला, सुकन्या ओरडली, तिच्या ओरडण्याने आम्ही आणखी ताठलो. मग डॅनीने तिला खुणेने गप्प केलं. ज्ञानेश्वर दारात उभा होता. मला त्याचे पायच दिसत होते. सुकन्या हळू आवाजात म्हणाली, "आवो, आईंनी हिला कुटं शिकिवलं? ही तर आत्ता आलीया." त्याचे पाय दारातून हलले नाहीत.

मान वळत नव्हती. वरच्या पत्र्याकडे बघत पडले होते. शेजारून दातांमागून आवाज आला, तसाच, माझ्यासारखा.

"तुलाबी व्हतं व्हय गं?"

मी म्हणाले, "होतं."

"कवापसून?"

"चार वर्षं झाली."

"नवी हाईस आजून," मालनबाई म्हणाल्या. मला हसू आलं आणि हसल्याने पोट आणखी दगड झालं. रडूही येत होतं. मामा, पुण्याच्या कागदाने मला जे पटलं नव्हतं ते त्या तीन शब्दांनी पटलं. मी सोंग करत नव्हते. एक दिवससुद्धा केलं नव्हतं. हे मला तिथे, परक्या घरात, कापसात आडवी पडून कळलं. मी नेहमीसारखी जोर लावून उठायला बघत होते, ते त्यांना न बघताच कळलं.

"जोर नको लावू. जोर लावला की धरून ठिवतंय. टाच आदी सुटती. मंग गुडगा. मंग कंबर. टाचंकडं ध्यान दे."

चार वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी एकटीने रानात पडून शोधून काढलं. मी टाचेकडे लक्ष दिलं. आत कुकर फुसफुसत होता, पुन्हा शिट्टी नको म्हणून सुकन्याने तो उचलून परसात नेला, तिची पावलं जाताना ऐकू आली. मी इतकी स्वस्थ कधी पडले असेन ते मला आठवत नाही. थोड्या वेळाने टाच खरंच सुटली. आधी डावी, मग उजवी, मग गुडघा जरा हलला.

मी म्हणाले, "माझी सुटली."

"माझी न्हाई आजून," त्या म्हणाल्या. "थांब."

मला उठता येत होतं. डॅनीने हातही पुढे केला होता. मी तो धरला नाही, त्यांच्या शेजारी पडून राहिले.

तुमची,
दीना